गॅस जातो कुठे

एसीवाल्या भाऊंनी बॉनेट उघडलं, पाइपावरचं काळं टोपण फिरवून खिशात टाकलं आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक आतल्या पिनेवर दाबलं. फुस्स झालं. पांढरी वाफ उसळली, तिच्याबरोबर तेलाचा बारीक तुषार. शेजारच्या पंक्चरवाल्याचा पोरगा ती गार हवा गालांवर घ्यायला पुढे धावला, तर भाऊंनी कोपरानं त्याला मागे सारलं. आवाज अर्धा-पाऊण मिनिट चालला, बारीक होत गेला, थांबला. "झाली खाली," म्हणत भाऊ दहा नंबरचा पाना शोधायला लागले. मे महिन्याचा पहिला आठवडा, पारा ४४ वर, नागपुरातल्या घाट रोडच्या मागची गल्ली. कुणालाच त्यात काही वाटलं नाही. मलाही तेव्हा एवढंच वाटलं की चला, काम एकदाचं सुरू झालं. रात्री गच्चीवर अंथरुणाला पाठ टेकली तेव्हा मात्र तो फुस्स आवाज कानाशी आला आणि जाईना.

मला हिशेब करायची खोड आहे. झोप येत नसली की ती बळावते. आमची झेन २००३ ची, म्हणजे तिच्यात आर-१३४ए हा गॅस. छोट्या गाडीत तो साधारण अर्धा किलो मावतो, त्यातला तीनशे ग्रॅम तरी आत उरला असेल असं भाऊच म्हणाले होते. हा गॅस विषारी नाही, पेटत नाही, ओझोनलाही धक्का लावत नाही. फक्त उष्णता धरून ठेवण्यात तो फार तयारीचा आहे. शंभर वर्षांच्या हिशेबानं त्याचा एक किलो म्हणजे सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइड. तीनशे ग्रॅमचे झाले सव्वाचारशे किलो. एक लिटर पेट्रोल जळलं की २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे त्या पाऊण मिनिटात साधारण १८५ लिटर पेट्रोल जाळल्यागत झालं. झेन अजून पंधराचं अॅव्हरेज देते. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन दोनदा परत यायचं, एवढं ते पेट्रोल.

तेही बॉनेट उघडं ठेवून, गाडी जागची न हलवता.

ही गाडी बाबांनी घेतली तेव्हा एसी हा आमच्या घरात वापरण्यापेक्षा असण्याचा प्रकार होता. त्याचे नियम होते. वाडी नाका ओलांडल्याशिवाय एसी लागायचा नाही, कारण गावात कशाला? लावण्याआधी दोन मिनिटं चारही काचा खाली, "आतली भट्टी आधी बाहेर जाऊ दे." (हे मात्र अगदी बरोबर होतं. आतली तापलेली हवा थंड करत बसण्यापेक्षा ती हाकलणं स्वस्त पडतं.) स्टिअरिंगवर ओला पंचा, आईच्या पर्समध्ये लू लागू नये म्हणून कांदा, मागच्या काचेला आडवी साडी. चिखलदऱ्याच्या घाटात पहिला चढ आला की बाबा न बोलता एसीचं बटण बंद करायचे, आणि गाडी जणू खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखी उचल घ्यायची. मागच्या सीटवर आम्ही काचा खाली करून घाटाचा वारा घ्यायचो. खरं सांगायचं तर त्या बाराशे रुपयांच्या, पंधराशेच्या, पुढे दोन हजारांच्या गॅसमधला निम्मा आम्ही कधी उपभोगलाच नाही.

आणि तो दरवर्षी भरायचा. नागपुरात होळी झाली की माळ्यावरून कूलर उतरतात. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंपाला पाणी चढतं का बघायचं, टाकीच्या तळाला डांबर लावायचं आणि गाडीत गॅस भरून आणायचा, ही सगळी एकाच यादीतली कामं. कुणी त्यात फरक केला नाही. कूलर पाणी पितो, ते हवेत उडून जातं, म्हणून पुन्हा घालावं लागतं. स्वयंपाकाचा गॅस जळतो, म्हणून नवं सिलिंडर येतं. तसाच हा. चौकाचौकातल्या बोर्डांवरही तेच लिहिलेलं असतं: एसी गॅस टॉप-अप, वीस मिनिटांत. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या, आधी त्या बोर्डांखाली रांगा लागतात.

यंदा आधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेले होते. तिथल्या मुलानं टॅबलेटवर बोट फिरवत कॉम्प्रेसर, कंडेन्सर, कॉइल, पाइप असा अख्खा संच बदलायचा अंदाज दिला आणि तो आकडा मला नीट वाचताही आला नव्हता तोवर म्हणाला, "मॅम, एवढ्यात तर गाडीची आजची किंमत निघेल. एक्स्चेंजचं बघू का?" त्याचं चूक नव्हतं. गाडीचं पासिंग पुन्हा करून घेतलेलं, ग्रीन टॅक्स भरलेला, रंग टपावरून उडालेला. पण लीक कुठे आहे, हे त्याला माहीत नव्हतं आणि जाणून घ्यायचंही नव्हतं. सगळं बदललं की लीकही आपोआप जाते, हे त्याचं शास्त्र.

भाऊंनी पहिल्याच भेटीत उलटा प्रश्न टाकला होता. "कधीपासून भरून राहिले गॅस?" म्हटलं, दरवर्षी. "मंग दरवर्षी जाते कुठी ते?"

हा प्रश्न इतका सरळ आहे की गेल्या वीस वर्षांत तो आमच्या घरात कुणी विचारला नाही याचंच नवल. एसीत काही जळत नाही. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो, पुढच्या जाळीपाशी, म्हणजे कंडेन्सरमध्ये, तो आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन द्रव होतो. मग एका बारीक तोंडातून कूलिंग कॉइलमध्ये सुटतो. तिथे दाब एकदम उतरतो आणि तो उकळायला लागतो. मोकळ्या हवेत तर हा गॅस उणे २६ अंशांनाच उकळतो, त्यामुळे उकळायला लागणारी ऊब तो आपल्या पुढ्यातल्या हवेतून ओढून घेतो. आपल्याला गार वाटतं. गॅस परत कॉम्प्रेसरकडे. कारखान्यात २००३ साली भरलेलाच गॅस आजही फिरत राहायला हरकत नव्हती. रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो, ते सोडा. पण एका पावसाळ्यात आणि एका हिवाळ्यात कूलिंग गेलं, याचा अर्थ कुठेतरी भोक आहे. टॉप-अप म्हणजे त्या भोकाचा वार्षिक हप्ता.

गिऱ्हाइकालाही तेच हवं असतं, हेही खरं. भोक शोधायचं तर दिवस जातो, डॅशबोर्डाला हात लागतो, डॅशबोर्डाला हात लागला की तो पुढे जन्मभर कुरकुरतो अशी समजूत आहे, आणि बिल चार-पाच पट. मेकॅनिकला सीझनच्या दिवसात एका गाडीपाशी अडकायला परवडत नाही. दोघंही खूश असतात. तक्रार करायला गॅस काही परत येत नाही.

एसीच्या गॅरेजात एसी नसतो. भाऊंच्या दुकानात एक जुना पत्र्याचा कूलर आहे, त्याच्यासमोर प्लास्टिकची खुर्ची ओढून त्यांनी मला बसवलं. हाताखालच्या पोरानं ग्लोव्हबॉक्स काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्यात टोलच्या पावत्या, इन्शुरन्सचे मुदत संपलेले कागद आणि बडीशेपेची दगड झालेली पुडी. झेनचं एक बरं आहे, अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागत नाही. ग्लोव्हबॉक्स निघाला की कॉइलचा काळा डबा हाताशी येतो. डबा उघडला आणि ओल्या, आंबूस वासाचा भपकारा आला. गेली काही वर्षं एसी लावल्यावर पहिली दोन मिनिटं येणारा वास हाच. आत अॅल्युमिनियमच्या पातळ पात्यांचा ठोकळा असायला हवा होता. पात्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर बोटाच्या पेराएवढा राखाडी थर बसला होता: धूळ, केस, कडुलिंबाच्या पानांचे दांडे, कुठल्याशा किड्याचे पंख. या गाड्यांना आतल्या हवेसाठी फिल्टरच नाही, त्यामुळे पंख्यानं ओढलेलं सगळं गाव थेट कॉइलवर. त्यात सिमेंटच्या रस्त्यांची धूळ किती आणि कोराडीच्या वीज केंद्राकडून वाऱ्यावर येणारी राख किती, कोण निवडत बसणार. थराच्या एका कडेला तेलकट काळा डाग होता. भाऊंनी त्यावर बोट फिरवून मला दाखवलं. गॅस एकटा जात नाही, जाताना कॉम्प्रेसरचं तेल थोडं बरोबर नेतो, आणि तेल धूळ धरून ठेवतं. पारखी मेकॅनिक आधी डाग शोधतो.

कॉइल ब्रशनं धुतली, तिची एक नळी बंद केली, दुसरीतून नायट्रोजनचा दाब दिला आणि ती निळ्या टपात बुडवली. सुरुवातीला पात्यांत अडकलेली हवा भसाभस वर आली. ती संपली, पाणी निवांत झालं. आम्ही तिघं टपावर वाकून बसलो, पंक्चरवाल्याचा पोरगा चौथा. काहीच नाही. मग खालच्या डाव्या कोपऱ्यातून, पात्या जिथे संपतात त्या कडेपासून, मोहरीहून बारीक एक बुडबुडा सुटला. थोड्या वेळानं दुसरा. तिसरा. भाऊंनी तिथे अंगठ्याचं नख टेकवलं, बुडबुडे थांबले. नख काढलं, पुन्हा सुरू. "हे पाहा मॅडम, तुमचे पैसे," ते म्हणाले, आणि पोरं हसली.

कोपरा खालचाच का, हेही त्यांनी सांगितलं. थंड कॉइलवर हवेतलं पाणी सुटतं, ते खालच्या नळीनं गाडीखाली ठिबकायला हवं. पानं-मातीनं नळीचं तोंड अर्धवट बुजलं की तळाला चिखल साचतो. तो उन्हाळाभर ओला राहतो, पानं कुजतात, आणि अॅल्युमिनियम हळूहळू खाल्लं जातं. गाडी कडुलिंबाखाली लावावी म्हणजे गरम होत नाही, हा आमच्या सोसायटीतला सर्वमान्य शहाणपणा. सावलीही त्याच झाडाची आणि हे भोकही.

त्या रात्री गच्चीवर मला खुपत होता तो फुस्स आवाज. पण टपातले बुडबुडे आठवले तसा हिशेब फिरला. आवाज एकदाच झाला, तोही तीनशे ग्रॅमचा. त्या मोहरीएवढ्या बुडबुड्यांतून मात्र दर वर्षी दोनेकशे ग्रॅम तरी गॅस गेला होता, आम्ही झोपलेले असताना, गाडी उभी असताना, दिवाळीत, संक्रांतीत. आणि दर होळीनंतर आम्ही पैसे देऊन तो पुन्हा भरत होतो, म्हणजे पुन्हा जाण्यासाठी. त्या समृद्धीच्या चार फेऱ्या कितीदा झाल्या असतील, ते मग मोजलं नाही. भाऊंवर मनातल्या मनात आलेला राग तिथे ओसरला, पूर्ण गेला असंही नाही. उरलेला गॅस ओढून घेऊन साठवणारी मशीन असते. मी विचारलं होतं. "असते ना. सर्विस सेंटरवाल्यांकडे असते. मी घेतली तं गिऱ्हाइकाले जास्त सांगा लागते, मंग तो बाजूच्याकडं जाईन," ते म्हणाले. बाजूला, खरंच, पंचवीस पावलांवर टॉप-अपचा बोर्ड होता.

भाऊंच्या भिंतीवर एक जुनी पितळी बत्ती टांगलेली आहे, बुडाला छोटी टाकी आणि तोंडाशी रबरी नळी. त्यांच्या उस्तादांची. अॅम्बेसेडर, कॉन्टेसाच्या काळात गाड्यांत आर-१२ हा गॅस असायचा, तेव्हा लीक शोधायची ती रीत: बत्ती पेटवायची, नळीचं तोंड पाइपांच्या जोडांवरून फिरवायचं, आणि जिथे निळी ज्योत हिरवी होईल तिथे लीक. आर-१२ मध्ये क्लोरीन असायचा, तापलेल्या तांब्याशी त्याची गाठ पडली की ज्योत रंग बदलायची. उस्तादांना ती हिरवी ज्योत लांबून ओळखू यायची म्हणे. मला मात्र ती बत्ती हातात घेतल्यावर वेगळंच सुचलं. ज्या क्लोरीनमुळे त्यांना लीक सापडायची, तोच क्लोरीन वर जाऊन ओझोन तोडत होता. मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी १९७४ सालीच हा इशारा दिला होता. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र उघड झालं, १९८७ मध्ये माँट्रियलला असे वायू आवरण्याचा करार झाला, १९९२ मध्ये भारत त्यात आला. पुढे नव्वदीच्या दशकात नव्या गाड्यांत आर-१३४ए येऊ लागला. त्यात क्लोरीनच नाही, त्यामुळे ज्योत हिरवी होईना. बत्ती भिंतीवर गेली आणि साबणाचं पाणी आलं.

जग एकदा तरी एकत्र बसून एक गोष्ट निस्तरू शकलं, याचा हा दाखला मला फार आवडतो. पण आर-१२ हवेत शंभर वर्षं टिकतो. उस्तादांनी ज्योत हिरवी करून शोधलेल्या लीकांमधून तोवर निसटलेला गॅस अजून आपल्या डोक्यावर आहे. त्याच्या जागी आलेला चौदा वर्षं टिकतो, ओझोन सोडून देतो आणि उष्णता धरतो. म्हणून २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीला पुन्हा बैठक, पुन्हा वेळापत्रक. भारतानं २०२८ पासून आर-१३४ए सारख्या वायूंचा वापर वाढू द्यायचा नाही आणि २०४७ पर्यंत तो ८५ टक्क्यांनी खाली आणायचा. युरोप-अमेरिकेतल्या नव्या गाड्यांत तिसराच गॅस भरतात, हवेत फार न टिकणारा आणि भलता महाग. तो घाट रोडला कधी पोचेल आणि तेव्हा टॉप-अपचे बोर्ड राहतील का, मला उत्सुकता आहे. गॅस महागला की भोकं शोधायची सवय आपोआप लागेल असं एक मन म्हणतं. दुसरं म्हणतं, नागपूरकर काचा खाली करतील.

पुढचं काम भराभर झालं. वेल्डिंग करून कॉइल टिकत नाही, तेव्हा नवी आणली. ओरिजनल मिळायची नाही म्हणून लोकल, पण भाऊंच्या खात्रीची. जोडांमधल्या जुन्या रबरी ओ-रिंगा नखानं दाबल्या तर तुटत होत्या, त्यांच्या जागी तेलाचं बोट लावून हिरव्या बसवल्या. ड्रायरची नळकांडी बदलली, कारण एकदा सिस्टीम उघडली की आतले ओल शोषणारे दाणे बाहेरचा दमट वारा पिऊन निकामी होतात. मग व्हॅक्युम. पंप तासभर घुरघुरत होता. आत इतकी पोकळी होते की उरलेसुरलं पाणी साध्या तापमानाला उकळून वाफेनं निघून जातं. पंप बंद केल्यावर भाऊंनी चहा मागवला आणि चहा संपेपर्यंत निळ्या मीटरच्या काट्याकडे बघत राहिले. काटा हलला नाही. मग गॅसचा डबा लावला. ४४ अंशांच्या दुपारी त्या डब्यावर दहिवर जमलं आणि पंक्चरवाल्याच्या पोराला अखेर हवा तो गारवा मिळाला. त्यानं दोन्ही तळवे डब्याला लावले. कंडेन्सरवर बादलीभर पाणी मारलं, गाडी चालू केली, बटण दाबलं. टक्. इंजिन क्षणभर खाली बसलं आणि सावरलं. डॅशबोर्डावरच्या हवेच्या जाळीपाशी थर्मामीटर धरला तर अकरा अंश.

घरी येताना रहाटे कॉलनीच्या सिग्नलला थांबले. काचा वर, आत गार, वासाचं नाव नाही. उन्हाळ्यात सिग्नलवर सावलीसाठी हिरव्या जाळ्या बांधतात, तिच्याखाली दुपट्ट्यांत तोंडं गुंडाळलेले दुचाकीवाले दाटीवाटीनं उभे होते आणि माझ्या कंडेन्सरचा तापलेला वारा बरोबर शेजारच्या स्कूटीवाल्या मुलीच्या पायांवर जात होता. ती अर्धं पाऊल सरकली. मी एसी बंद केला नाही. बाबा असते तर त्यांनी तरी केला असता का, सांगता येत नाही; त्यांना चढ दिसला की बटण आठवायचं, सिग्नलला नाही.

तळमजल्यावरच्या काकांनी पार्किंगमध्येच गाठलं. त्यांची वॅगन-आर आमच्याहून चार वर्षांनी तरुण, तिलाही कूलिंग नाही. "गॅस भरून देतो ना तो?" मी सांगितलं की आधी लीक बघतात, दिवस मोडतो, आणि एवढे एवढे लागले. आकडा ऐकून काका हसले. दुसऱ्याच दिवशी ते कुठूनतरी वीस मिनिटांत गॅस भरून आले आणि हात धरून मला त्यांच्या गाडीत बसवून कूलिंग दाखवलं. आमच्यापेक्षा दोन अंश बरंच होतं. निघताना मात्र त्यांनी भाऊंचा नंबर मागून घेतला आणि माझ्यासमोरच सेव्ह केला: "एसीवाला महागडा".